धनंजयराव गाडगीळ यांची अर्थनीती : सूत्र, सहकार आणि दोहोंच्या मर्यादा



भारतीय अर्थव्यवस्थेवरच्या बहुतेक अभ्यासपुस्तकांत 'गाडगीळ सूत्र' हे दोन शब्द येतात. त्यांच्यापुढे पाच निकष आणि पाच टक्केवाऱ्या दिलेल्या असतात. विद्यार्थी त्या पाठ करतात, एका गुणाचा प्रश्न सोडवतात आणि पुढे जातात. गाडगीळ कोण होते, हे सूत्र कोणत्या अडचणीतून निघाले, त्याने कोणाचे भले झाले आणि कोण बाहेर राहिले, हे प्रश्न बहुधा विचारलेच जात नाहीत.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. अर्थशास्त्राचा एक छोटा विषय आमच्या विद्यार्थ्यांनाही असतो. तिथे हे पाच आकडे फळ्यावर लिहिले की कोणीतरी हमखास म्हणते, "मॅडम, हे तर आपल्या अंतर्गत गुणांसारखे आहे. हजेरीला इतके, प्रात्यक्षिकाला इतके." ही तुलना मला आवडते. गुणांची विभागणी कशी केली यावर वर्गात कोण पुढे जाणार हे पुष्कळसे ठरते. राज्यांच्या बाबतीतही तसेच आहे. या टिपणात आपण गाडगिळांच्या दोन मोठ्या कामांची चिकित्सा करणार आहोत. एक, सहकारी साखर कारखाना आणि दुसरे, केंद्रीय साहाय्याचे सूत्र. माझे म्हणणे आधीच सांगते. दोन्ही कामांनी मनमानीच्या जागी नियम आणला आणि हे त्यांचे खरे यश आहे. परंतु नियमात ज्याची मोजणी झाली नाही तो माणूस दोन्ही ठिकाणी बाहेर राहिला. गंमत अशी, की ही उणीव दाखवण्याची साधने गाडगिळांच्याच विचारात सापडतात.

१. जीवनक्रम

धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिकला झाला. उच्च शिक्षण केंब्रिजला झाले. तेथील प्रबंधातून तयार झालेले 'इंडस्ट्रियल इव्होल्यूशन ऑफ इंडिया इन रीसेंट टाइम्स' हे पुस्तक १९२४ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांचे वय तेवीस होते. पुढे अनेक वर्षे देशभरच्या विद्यापीठांत ते वाचले गेले. भारतात आधुनिक उद्योग किती वाढले एवढेच सांगून ते थांबत नाही. जुने कारागीर का मोडले, शेतकऱ्याचे काय झाले, नवा कामगार कुठून आला, हेही ते विचारते. दरबार संपले, वरच्या वर्गाची आवडनिवड बदलली आणि यंत्राच्या मालाशी स्पर्धा आली, अशा अनेक कारणांची गुंफण त्यात आहे. एकाच कारणावर सगळा दोष ढकलण्याची सवय गाडगिळांना नव्हती.

सुरतेच्या महाविद्यालयात काही वर्षे प्राचार्य म्हणून काम केल्यावर १९३० साली ते पुण्यास आले. रावबहादूर काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाने गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन केली, तिचे ते पहिले संचालक झाले आणि १९६६ पर्यंत राहिले. या संस्थेने पाहणीची शिस्त लावली. पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचे दोन भाग १९४५ आणि १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. घरोघरी जाऊन माहिती गोळा करायची, तक्ते करायचे आणि मग बोलायचे, हा त्या संस्थेचा शिरस्ता होता.

१९६७ ते १९७१ या काळात ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. ते पद सोडून दिल्लीहून पुण्यास परतत असताना ३ मे १९७१ रोजी प्रवासातच त्यांचे निधन झाले.

२. पहिले काम : साखर कारखान्याचा मालक कोण?

अहमदनगर जिल्ह्यातील प्रवरा नदीच्या कालव्यांवर ऊस होत असे. ब्रिटिश सरकारने दख्खनचे हे कालवे मुख्यतः दुष्काळापासून संरक्षण म्हणून बांधले होते, पण त्या पाण्यावर उसासारखे नगदी पीक उभे राहिले. शेतकऱ्यापुढे दोन वाटा होत्या. गूळ करून बाजारात नेणे किंवा खाजगी कारखान्याशी संबंध ठेवणे. गुळाचा भाव कधी चढे, कधी पार कोसळे. भाव पडला की कर्ज वाढे आणि जमीन सावकाराकडे जाई.

यावर गाडगिळांनी मांडलेला उपाय सोपा वाटतो, पण त्या काळी तो धाडसाचा होता. कच्चा माल पिकवणाऱ्यांनीच कारखान्याचे भागधारक व्हावे. प्रक्रियेतून निघणारे मूल्य त्यांच्याकडेच राहील. विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांना भाग घ्यायला लावले. सहकार चळवळीतले जाणते नेते वैकुंठभाई मेहता मुंबई राज्यात मंत्री होते, त्यांचा पाठिंबा मिळाला. १९५०-५१ च्या हंगामात लोणीजवळच्या कारखान्यात गाळप सुरू झाले. पहिले अध्यक्ष गाडगीळ होते. विद्वान माणसाने आपल्या सिद्धांताची जबाबदारी स्वतः घेऊन तो चालवून दाखवल्याची अशी उदाहरणे आपल्याकडे थोडी आहेत.

या रचनेतला मर्मबिंदू 'एक सभासद, एक मत' हा नियम आहे. खाजगी कंपनीत जितके भाग तितकी मते असतात. सहकारात वीस एकरवाल्याला आणि दोन एकरवाल्याला मत एकच. कागदावर तरी मोठा आणि लहान एका पायरीवर येतात.

पुढचा इतिहास तुम्हाला ठाऊक असेल. महाराष्ट्रात असे कारखाने मोठ्या संख्येने उभे राहिले. त्यांच्याभोवती बँका, दूध संघ, दवाखाने, शाळा, तंत्रनिकेतने, अभियांत्रिकी महाविद्यालये आली. ग्रामीण भागातल्या कितीतरी मुलामुलींची पहिली पदवी या पैशातून झालेल्या वर्गखोल्यांत मिळाली आहे. हे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल.

आता दुसरी बाजू. ऊस लावणारा सभासद झाला. ऊस तोडणारा झाला नाही. दरवर्षी पावसाळा सरला की मराठवाड्यातील, विशेषतः बीड जिल्ह्यातील, हजारो कुटुंबे बैलगाड्या, ट्रॅक्टर घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'कोयता' म्हणतात. माणसांच्या जोडीला हत्याराचे नाव मिळावे, यातच त्यांचे स्थान कळते. मुकादमाकडून आगाऊ 'उचल' घेतलेली असते आणि हंगामभर ती फेडायची असते. मुले कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, राहतात आणि शाळा बुडते. साखरेच्या मूल्यात या श्रमाचा वाटा मोठा आहे, पण 'एक सभासद, एक मत' या नियमात त्याला मत नाही, कारण तो सभासदच नाही.

याचा दोष सगळा गाडगिळांवर टाकता येईल का? मला वाटते, पूर्णपणे नाही, पण काही अंशी होय. त्यांच्यासमोरचा प्रश्न कर्जबाजारी शेतकऱ्याचा होता आणि त्याला त्यांनी नेमके उत्तर दिले. परंतु कारखान्याची मालकी जमिनीच्या मालकीला जोडली की ज्याला जमीन नाही तो आपोआप बाहेर जातो. पाण्याचेही तसेच झाले. दुष्काळी पट्ट्यात उसाला अर्थकारणाचे केंद्र केले की कालव्याचे पाणी त्याच्याकडे ओढले जाते आणि शेजारचा कोरडवाहू शेतकरी आणखी मागे पडतो.

तिसरी गोष्ट सरकारच्या भागीदारीची. रिझर्व्ह बँकेने करवलेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या समितीचे अध्यक्ष ए. डी. गोरवाला होते आणि गाडगीळ तिचे सदस्य होते. १९५४ च्या त्या अहवालातून निघाले, की शेतकरी जेवढे कर्ज घेतो त्यातले जेमतेम ३ टक्के सहकारी संस्थांकडून येते आणि सावकारांचा वाटा ७० टक्क्यांच्या आसपास आहे. आपला आवडता उपाय अपुरा पडला आहे, हे आकड्यांत मांडण्याचा प्रामाणिकपणा त्या अहवालात होता. त्यावर उपाय म्हणून सरकारने सहकारी संस्थांच्या भांडवलात भागीदार व्हावे असे सुचवले गेले. एकट्या दुबळ्या सभासदांच्या बळावर सावकार हटणार नाही, हा युक्तिवाद बरोबरच होता. पण सरकार आले तेव्हा त्याच्या मागोमाग सत्तेचे राजकारणही आत आले. पुढे अनेक ठिकाणी संचालक मंडळाची निवडणूक ही आमदारकीची पहिली पायरी ठरली. दुबळ्याला आधार म्हणून आणलेली काठी कोणाच्या हाती जाईल, याचा बंदोबस्त रचनेत नव्हता.

३. दुसरे काम : राज्यांना पैसा कोणत्या हिशेबाने?

राज्यघटनेप्रमाणे केंद्र आणि राज्ये यांच्यात करांची वाटणी वित्त आयोग सुचवतो. पण १९५० साली मंत्रिमंडळाच्या ठरावाने स्थापन झालेला नियोजन आयोग विकासकामांसाठी वेगळे साहाय्य देत असे. पहिल्या तीन योजनांत हे साहाय्य बरेचसे प्रकल्पागणिक, योजनागणिक ठरे. ज्या राज्याने चांगले प्रस्ताव केले, ज्याचे दिल्लीत वजन होते, त्याला फायदा होण्याची शक्यता अधिक. पुढे १९६७ च्या निवडणुकांनंतर अनेक राज्यांत वेगवेगळ्या पक्षांची सरकारे आली. आता 'तुमच्या मर्जीने' हे उत्तर कोणी ऐकून घेणार नव्हते.

या पार्श्वभूमीवर गाडगीळ उपाध्यक्ष असताना चौथ्या योजनेसाठी (१९६९-७४) राष्ट्रीय विकास परिषदेने एक सूत्र मान्य केले. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर या तीन राज्यांच्या गरजा आधी वेगळ्या काढायच्या. उरलेली रक्कम बाकीच्या राज्यांत अशी वाटायची : लोकसंख्येला ६० टक्के, राष्ट्रीय सरासरीपेक्षा दरडोई उत्पन्न कमी असलेल्या राज्यांना १० टक्के, करप्रयत्नाला १० टक्के, चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज प्रकल्पांना १० टक्के आणि राज्यांच्या खास अडचणींना १० टक्के. मिळालेल्या साहाय्यात ३० टक्के अनुदान आणि ७० टक्के कर्ज. विशेष श्रेणीच्या राज्यांना मात्र ९० टक्के अनुदान आणि १० टक्के कर्ज.

हे एका माणसाने खोलीत बसून काढलेले गणित नव्हते. ती मुख्यमंत्र्यांमधली तडजोड होती. लोकसंख्या हा कोणालाच फारसा नाकारता न येणारा निकष असल्यामुळे त्याला सर्वांत मोठा भारांक मिळाला.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वाटायचे आहेत १,००० कोटी रुपये. राज्ये दोनच, 'अ' आणि 'ब'. लोकसंख्या समान. 'अ'चे दरडोई उत्पन्न सरासरीहून कमी, 'ब'चे जास्त. लोकसंख्येचे ६०० कोटी निम्मे निम्मे, म्हणजे प्रत्येकी ३००. उत्पन्नाचे १०० कोटी पूर्ण 'अ'ला. करप्रयत्नात 'ब' पुढे आहे असे धरू : 'अ'ला ४०, 'ब'ला ६०. मोठे प्रकल्प 'ब'मध्ये अधिक : 'अ'ला ३०, 'ब'ला ७०. खास अडचणी सारख्या : प्रत्येकी ५०. बेरीज करा. 'अ'ला ५२० आणि 'ब'ला ४८० कोटी.

म्हणजे गरीब राज्याच्या नावाने ठेवलेल्या १०० कोटींपैकी ६० कोटींची आघाडी करप्रयत्न आणि प्रकल्प या दोन निकषांनी पुसून टाकली. कारण उघड आहे. धरण बांधायला आधी पैसा लागतो. ज्याच्याकडे तो आधीपासून होता त्याच्याकडे अर्धे झालेले धरण होते आणि ते पूर्ण करायला आणखी पैसा मिळाला. अर्धवट प्रकल्प तसेच सोडणे हीसुद्धा उधळपट्टीच असते, हे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. म्हणून तो निकष मूर्खपणाचा नव्हता. पण कार्यक्षमतेचा निकष आणि न्यायाचा निकष एकाच टोपलीत ठेवले की ते एकमेकांना खातात. १९८० मध्ये प्रकल्पांचा निकष काढून तो भारांक उत्पन्नाकडे वळवला गेला. आपल्या उदाहरणात तेवढ्याने 'अ'ची रक्कम ५९० आणि 'ब'ची ४१० होते. एका भारांकाची ताकद किती असते ते यावरून दिसेल. १९९१ मध्ये सूत्रात पुन्हा बदल झाला आणि ते गाडगीळ-मुखर्जी सूत्र म्हणून ओळखले गेले. लोकसंख्येचे ६० टक्के तेव्हाही कायम राहिले.

आता कर्जाकडे पाहा. 'अ'च्या ५२० कोटींपैकी ३६४ कोटी हे कर्ज आहे. ते व्याजासह परत करायचे आहे. शाळा, दवाखाने, गावचे रस्ते यांतून राज्याला लगेच उत्पन्न मिळत नाही, हप्ता मात्र लगेच सुरू होतो. गरीब आणि श्रीमंत दोघांनाही ३०:७० हेच प्रमाण लावणे म्हणजे समान वागणूक खरी, पण समान ओझे नव्हे. विशेष श्रेणीच्या राज्यांबाबत हा फरक ओळखला गेला. बिहार, ओडिशासारख्या राज्यांबाबत तो ओळखला गेला नाही. माझ्या मते सूत्रातला हा सर्वांत मोठा दोष आहे आणि परीक्षेच्या पुस्तकांत त्याची चर्चा सर्वांत कमी असते.

४. राज्याच्या आत काय?

सूत्राचा हिशेब राज्याच्या सीमेपाशी थांबतो. पैसा राज्याच्या राजधानीत पोहोचला की सूत्राचे काम संपले. तो पुढे कुठे गेला हे ते विचारत नाही. याचे उदाहरण गाडगिळांच्याच राज्यात आहे. महाराष्ट्राचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून जास्त, त्यामुळे मागासलेपणाच्या निकषावर त्याला काही मिळायचे कारण नाही. पण त्याच महाराष्ट्रात मराठवाडा आणि विदर्भ मागे पडले होते. १९८३ साली राज्य सरकारने वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सिंचन, रस्ते, वीज, शिक्षण यांत जिल्हा सरासरीच्या किती मागे आहे ते तिने मोजले आणि 'अनुशेष' हा शब्द मराठी राजकारणात रुजला. दांडेकरही गोखले संस्थेतलेच. गुरूच्या सूत्रातली रिकामी जागा त्याच घराण्यातल्या अभ्यासकाने मोजून दाखवली, असे म्हणता येईल.

आणि ही दृष्टी गाडगिळांना नव्हती असेही नाही. १९६९ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने बँकांनी क्षेत्र वाटून घेऊन एकेका भागाची जबाबदारी घ्यावी असे सुचवले. त्यातून त्याच वर्षअखेरीस जिल्हा हा घटक धरणारी अग्रणी बँक योजना आली. आजही प्रत्येक जिल्ह्याला एक अग्रणी बँक असते. म्हणजे बँकेच्या बाबतीत ते जिल्ह्यापर्यंत पोहोचले, साहाय्याच्या बाबतीत राज्याशीच थांबावे लागले. संघराज्यात केंद्राने जिल्ह्यात हात घालू नये, हा संकोच त्यामागे असावा. तो समजण्यासारखा आहे. पण माणूस जिल्ह्यात राहतो, सरासरीत राहत नाही.

५. आज काय उरले?

नियोजन आयोग बंद झाला आणि १ जानेवारी २०१५ पासून नीती आयोग आला. पैसे वाटण्याचे काम त्याच्याकडे नाही. योजना आणि योजनेतर खर्च हा भेदही २०१७-१८ च्या अर्थसंकल्पापासून गेला. सूत्र इतिहासजमा झाले. पण त्याची पद्धत वित्त आयोगाच्या कामात दिसते. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांमधील वाटणीसाठी उत्पन्नातील अंतराला ४५, लोकसंख्येला १५, क्षेत्रफळाला १५, लोकसंख्या नियंत्रणातील कामगिरीला १२.५, वने व पर्यावरणाला १० आणि करप्रयत्नाला २.५ टक्के भारांक दिला. गाडगीळ सूत्राशी हे ताडून पाहा. लोकसंख्या ६० वरून १५ वर आली आणि उत्पन्नातील अंतर १० वरून ४५ वर गेले. दोन्ही साधनांचा उद्देश एक नव्हता, हे ध्यानात ठेवले तरी वाऱ्याची दिशा कळते. यावर दक्षिणेकडील राज्यांची तक्रार आहे, की आम्ही चांगले केले म्हणून आमचा वाटा घटतो. उत्तरेकडील राज्ये म्हणतात, गरिबी ही आमच्या नागरिकांची निवड नव्हती. ही भांडणे सूत्राने मिटत नाहीत, पण उघड्यावर येतात. भारांक छापलेले असले की त्यांच्यावर वाद घालता येतो. मर्जीवर वाद घालता येत नाही.

त्याच वेळी केंद्रपुरस्कृत योजना आहेत. त्यांतल्या मुख्य योजनांसाठी केंद्राचा वाटा सामान्यतः ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांसाठी तो ९०:१० आहे, ज्यात गाडगिळांच्या विशेष श्रेणीचा ठसा ओळखू येतो. पण स्वतःचे ४० टक्के उभे करणे ज्याला जड जाते, त्या राज्याला योजनेचा पुरता लाभ घेता येत नाही. जुना ३०:७० चा प्रश्न नव्या वेषात परत आला आहे.

६. समारोप

गाडगिळांचे मोठेपण मला त्यांच्या उत्तरांपेक्षा त्यांच्या सवयीत दिसते. आधी मोजायचे, मग नियम करायचा, आणि नियम सर्वांसमोर ठेवायचा. म्हणूनच त्यांच्या नियमांतल्या चुका आपल्याला आज सापडतात आणि दुरुस्त करता येतात. मात्र प्रत्येक नियमाआधी एक प्रश्न असतो : मोजायचे कोणाला? कारखान्याने ऊस लावणाऱ्याला मोजले, तोडणाऱ्याला नाही. सूत्राने राज्य मोजले, जिल्हा नाही. तुमच्यापैकी काही जण उद्या सरकारी खात्यांत, बँकांत, कंपन्यांत बसून नवी सूत्रे लिहाल. तेव्हा भारांक ठरवण्याआधी यादीत कोणाचे नाव नाही, ते एकदा पाहा.

स्वाध्यायासाठी प्रश्न

१. वरील उदाहरणात 'अ' राज्याची लोकसंख्या 'ब'च्या दुप्पट धरून १९६९ आणि १९८० च्या सूत्रांनी वाटणी करा. बाकीचे आकडे तेच ठेवा. दोन्ही वेळा दरडोई रक्कम कोणाला जास्त मिळते?

२. ऊसतोडणी कामगारांना सहकारी कारखान्याचे सभासद करायचे झाल्यास 'एक सभासद, एक मत' या नियमाचे काय परिणाम होतील? दोन्ही बाजू मांडा.

३. तुमच्या राज्यातील सर्वांत पुढारलेला आणि सर्वांत मागे असलेला जिल्हा निवडा. हे अंतर मोजण्यासाठी तुम्ही कोणते चार निकष घ्याल आणि प्रत्येकाला किती भारांक द्याल? कारणे लिहा.